राखीव बरणी

१

बरणी जागेवर होती. झाकण घट्ट बसलेलं होतं, झाकणावरून दोन्ही अंगांना उतरलेली कागदी पट्टी शाबूत होती, पट्टीवरच्या दोन्ही सह्या जिथल्या तिथे होत्या. फक्त आतला डिंक तो नव्हता.

सकाळी हे कळलं आणि अख्ख्या प्रयोगशाळेचं धाबं दणाणलं. बाहेरच्या माणसाला यात एवढं काय ते कळायचं नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. झाडाच्या खोडातून पाझरणारा डिंक खाण्याच्या पदार्थांत घालतात. कुठे दाटपणा यावा म्हणून, कुठे तेल आणि पाणी फुटून वेगळं होऊ नये म्हणून. तो माणसाच्या पोटात जाऊ द्यायचा की नाही, हे या प्रयोगशाळेत तपासलं जायचं. आलेल्या डिंकाचे तीन वाटे व्हायचे. एक तपासणीला, एक पिंजऱ्यातल्या उंदरांना खाऊ घालायला आणि एक बरणीत बंद करून कपाटात. हा तिसरा वाटा म्हणजे राखीव नमुना. पुढेमागे कुणी शंका काढली, तर उंदरांनी नेमकं काय खाल्लं होतं हे सांगणारा तोच एक साक्षीदार.

आणि शंका निघाली होती. एका काटेरी झाडाच्या डिंकाची पूड करून एक कंपनी ती डब्यांतून विकत असे. ज्यांना साधं पाणी गिळता येत नाही, घोट श्वासनलिकेत जातो, अशा आजाऱ्यांचं पाणी त्या पुडीने घट्ट करून देतात. उंदरांनी हा डिंक महिनोन् महिने खाल्ला होता आणि ते चांगले गुबगुबीत झाले होते. परवानगी मिळाली, डबे घरोघर गेले. मग तक्रारी यायला लागल्या. कुणाच्या अंगावर चट्टे उठले, कुणाची मान लाल झाली. तेव्हा परवानगी देणाऱ्या समितीने फर्मावलं, राखीव बरणी उघडा.

बरणी उघडली, चिमूटभर डिंक पाण्यात विरघळवला आणि पोलॅरिमीटर नावाच्या यंत्रात ठेवला. या यंत्रात द्रावणातून जाणारा प्रकाश जरासा वळतो. एका झाडाचा डिंक त्याला डावीकडे वळवतो, दुसऱ्याचा उजवीकडे, आणि झाड काही आपली सवय सोडत नाही. नमुना आला तेव्हाची नोंद होती डावीकडे. आज तो वळला उजवीकडे. बाजारातल्या डब्यातली पूडही उजवीकडेच वळत होती.

"म्हणजे मिटलं की!" संचालक हात झटकत म्हणाले. "उंदरांनी खाल्ला तोच डिंक बाजारात आहे. नोंद करणाऱ्या बाईंनी डावं-उजवं उलटं लिहिलं. संध्याकाळी समितीला तसं कळवतो."

"घाई कशाला?" दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

या बाई समितीच्या परीक्षक. कुठल्याही अहवालातला खडा त्यांच्या हातून सुटत नसे, म्हणून मागे सगळे त्यांना चाळणीबाई म्हणत आणि तोंडावर मॅडम. एरवी त्या शांत असायच्या. आज मात्र आल्यापासून त्यांनी खुर्चीला पाठ टेकवली नव्हती, पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या, पुन्हा काढत होत्या. याचं कारण घरी होतं. त्यांच्या आप्पांना मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून साधं पाणी चालत नव्हतं. घरच्या ओट्यावर त्याच कंपनीचा डबा होता.

पिशवीतला फोन वाजला. धाकट्या बहिणीचा होता.

"तायडे," ती म्हणाली, "आप्पांच्या मानेवर लाल चट्टे आलेत."

२

"पूड बंद कर," चाळणीबाई बोळात येऊन म्हणाल्या.

"अगं, बंद कर काय? मग पाणी कसं देऊ? मागे साधं पाणी दिलं तर छातीत गेलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, विसरलीस? आणि चट्टे त्या नव्या साबणानेही आले असतील. सांग ना, काय करू?"

बरणी खरं बोलत असेल तर हा डिंक तपासलेला होता, चट्टे साबणाचे होते आणि आप्पांना तहानलेलं ठेवणं हा शुद्ध वेडेपणा होता. बरणी खोटं बोलत असेल तर बहीण प्रत्येक चमच्याबरोबर त्यांना काय पाजत होती कोण जाणे. बाई जाम घाबरल्या होत्या आणि घाबरल्या की त्यांचा आवाज उगाचच कडक होत असे.

"मक्याचं पीठ आहे ना घरात? ते पाण्यात शिजव, गार कर आणि चमच्याने दे. जपून. मी दुपारपर्यंत सांगते."

फोन ठेवून त्या सरळ थेंबाताईंच्या खोलीत शिरल्या. नोंद करणाऱ्या बाई त्या याच. अर्धा थेंब इकडे-तिकडे झाला तरी सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून करणारी बाई, म्हणून हे नाव. आत्ता त्या टेबलाशी हात मांडीत घेऊन बसल्या होत्या आणि डोळे रडून सुजले होते.

"ताई, डावीकडे लिहिलंत तेव्हा तुम्ही स्वतः पाहिलं होतं?"

"मॅडम, माझं लग्न झालं त्या दिवशी मी काय नेसले होते ते विसरेन, पण पोलॅरिमीटर विसरणार नाही." मग त्यांचा स्वर खाली आला. "आता मात्र खात्री वाटेनाशी झालीय. सगळे म्हणतायत चुकलीस, तर चुकलेही असेन. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका."

"बरणी कोणी उघडली असेल?"

"पट्टी न फाडता कशी उघडणार? आणि आमच्याकडे पट्टी बाजारच्या गोंदाने लावत नाहीत. बाहेरच्या गोंदाचा अंशही नमुन्यात जायला नको, म्हणून ज्या बरणीत जो डिंक, त्याच डिंकाचं पाणी करून तिचे कागद डकवायचे. माझ्या गुरूंनी घातलेली शिस्त आहे. नमुना माझ्या टेबलावर बरणीत भरायचा, नाव-गाव लिहायचं, सगळं नीट करून बरणी भांडारात द्यायची. तिथे काका कपाटात ठेवताना झाकणावर पट्टी लावतात. त्यासाठी थोडं डिंकाचं पाणी मी बशीत देते. मग काका आणि साहेब सह्या करतात."

"आत्ताचे साहेब?"

"छे! आधीचे. हे तर नुकतेच आले मुख्य कार्यालयातून. मघाशी ही पद्धत ऐकून हसले. म्हणाले, तुम्ही लोक डिंकालाच डिंक लावता!"

चाळणीबाई पेनाचं टोपण काढता काढता थांबल्या. म्हणजे डिंक बदलणाऱ्याने बरणीतला माल बदलला असेल, पण पट्टीखाली जुन्या डिंकाचा थर सुकून बसलेला असणार. साक्षीदार पळवला होता, पण त्याची सावली झाकणावर चिकटलेली राहिली होती.

"ताई," त्या म्हणाल्या, "पुसा डोळे. ती पट्टी आपण पाण्यात भिजवणार आहोत."

३

पट्टी भिजायला वेळ होता. तेवढ्यात बाईंनी उरलेल्या दोघांना गाठलं.

कंपनीचे रसायनतज्ज्ञ पाहुण्यांच्या खोलीत बसले होते. त्यांच्या कपड्यांवर सुरकुती म्हणून नव्हती आणि बोलण्यातही नव्हती. प्रयोगशाळेत त्यांना इस्त्री म्हणत.

"मॅडम, आमचं काय जाणार? बरणी तुमची, कपाट तुमचं, किल्ली तुमची," ते हसून म्हणाले. "आम्ही तर आज पहिल्यांदा ती बरणी पाहिली."

"तुमचा डिंक अजून त्याच झाडाचा आहे?"

"त्याच कुळातला."

"मी झाड विचारलं, कूळ नाही."

इस्त्रीला पहिल्यांदा एक सुरकुती पडली, तीही कपाळावर. "डिंक हा शेवटी डिंकच असतो," ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघायला लागले.

त्यांच्याकडून आणखी काही निघेना. पण बरणी बदलून सगळ्यात जास्त फायदा कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि कपाटाची दुसरी किल्ली संचालकांकडे होती, त्यांना तर प्रकरण मिटवायची नको तेवढी घाई. दोघांनी मिळून केलं असेल का? बाईंचं डोकं भणभणायला लागलं.

भांडारात काका एका स्टुलावर बसून बरण्या पुसत होते. सगळ्यांचेच काका, कुणाच्या मुलीची परीक्षा कधी आहे आणि कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडतं हे त्यांना पाठ. आज ते खाली मान घालून एकच बरणी पुन्हा पुन्हा पुसत होते. त्यांच्या शेजारी कापडी पिशवी होती आणि तिच्यातून जेवणाच्या डब्याचं टोक दिसत होतं. मागच्या फळ्यांवर रंगांच्या, गोडी आणणाऱ्या पदार्थांच्या बरण्या ओळीने होत्या. प्रत्येकीवर छापील, मागून चिकट असणारं लेबल.

"किल्ली कायम तुमच्याकडे असते?"

"हो."

"कुणी मागितली होती?"

"कुणी नाही." काका खोटं बोलायला लागले की अडखळत असत, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्ता ते अडखळले नाहीत.

"थेंबाताईंची नोकरी जाणार आहे, काका."

काकांच्या हातातलं फडकं थांबलं. "ती पोर चुकणाऱ्यातली नाही हो," ते म्हणाले आणि तीच बरणी पुन्हा पुसायला लागले.

पुन्हा फोन वाजला. या वेळी बाई बाहेर गेल्या नाहीत. "तायडे, खळ जमतेय पण लवकर पातळ होते, चमचा परत बुडवला की झालं पाणी! आप्पा डब्याकडे बोट दाखवतायत. देऊ का एकदा?" "नको," बाई म्हणाल्या. "थोडा धीर धर गं." फोन ठेवताना त्यांना स्वतःचाच राग आला.

काका बघत होते. "घरी कुणाला घट्ट पाणी लागतं?"

"वडिलांना."

"त्याच डब्यातलं?" बाईंनी मान डोलावली. काका स्टुलावरून उठले. "पूड पाण्यावर भुरभुरवायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात." मग एकदम जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "ओठ जड झाल्यासारखे वाटतात का त्यांना? जीभ जाड झाल्यासारखी?"

"तसं काही म्हणाले नाहीत. चट्टे आहेत."

"मग बरं आहे," काका म्हणाले आणि घाईघाईने पुढची बरणी उचलली.

बाईंना काहीतरी खटकलं. काय ते हाताला लागेना, कारण तेवढ्यात थेंबाताईंनी हाक मारली होती.

४

पोलॅरिमीटरच्या खोलीत सगळे जमले. संचालक, इस्त्री, थेंबाताई, दाराशी काका. पट्टीखालून निघालेला डिंक गाळून, एका बारीक नळीत भरून यंत्रात ठेवला होता.

"हाताने कुणी काही करायचं नाही," चाळणीबाई म्हणाल्या. "ज्याने त्याने डोळा लावून बघायचं आणि जे दिसेल ते बोलायचं. साहेब, तुम्ही आधी."

संचालकांनी डोळा लावला. मग इस्त्रीने. मग बाईंनी.

प्रकाश वळला होता. थोडासाच, पण उजवीकडे.

"घ्या!" संचालक म्हणाले. "तुमच्याच गुरूंची शिस्त, तुमचाच डिंक. पट्टी लावली त्या दिवशीही बरणीत हाच डिंक होता. आता तरी पटलं?"

"वळण थोडं कमी वाटतं," बाई म्हणाल्या.

"पट्टीला डिंक लागतो किती, मॅडम? चिमूटभर. वळण कमीच असणार." हे इस्त्री. आणि ते चूक नव्हतं.

थेंबाताईंनी यंत्राला डोळा लावलाच नाही. "माझंच चुकलं असेल," त्या म्हणाल्या आणि टेबलावरच्या आपल्या वस्तू एकेक करून पिशवीत भरायला लागल्या. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, मुलाचा फोटो. ते बघवत नव्हतं. काकांनी तोंड फिरवलं आणि ते बाहेर गेले.

चाळणीबाईंनी खरं म्हणजे सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. बरणी खरं बोलत होती. डिंक तपासलेला होता, आप्पांना पाणी पाजायला हरकत नव्हती. त्यांनी फोन हातात घेतला, धाकटीचा नंबर लावला, रिंग वाजायला लागली आणि त्यांनी तो बंद केला.

आपण नेमक्या कशाला अडखळतोय? त्या बोळात येरझाऱ्या घालायला लागल्या. पट्टीवरची काकांची सही आठवली. शाई कडेला जराशी फुटली होती, जणू कागद एकदा ओला होऊन सुकला होता. दमटपणाने होतं असं, म्हणून सोडून दिलं होतं. वळण कमी होतं. दोन विरुद्ध वळणांचे डिंक एकात मिसळले तर वळण कमीच होईल की! पट्टी वाफेवर सोडवून, पुसून, नव्या डिंकाने पुन्हा डकवली असेल आणि जुना थोडासा कागदात मुरून राहिला असेल तर?

पण मग पट्टी डकवणाऱ्याने मुद्दाम बरणीतलाच नवा डिंक वापरला होता. कार्यालयातल्या गोंदाची बाटली हाताशी असताना! ही शिस्त ज्याला माहीत होती त्यानेच हे केलं होतं. संचालक आज पहिल्यांदा ऐकून हसले होते. इस्त्रीला तर बरणीच माहीत नव्हती. उरलं कोण? शिस्त ठाऊक असणारी दोनच माणसं या इमारतीत होती आणि त्यातली एक आत पिशवी भरत बसली होती.

बाई धावतच आत गेल्या.

"ताई, थांबा. बरणीवरचं हे मोठं लेबल. हे कोण लावतं?"

५

"मी," थेंबाताई गोंधळून म्हणाल्या. "बरणी भांडारात जायच्या आधी. इथेच, या टेबलावर."

"कशाने?"

थेंबाताईंनी पिशवी खाली टाकली, बरणी उचलली आणि कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी केली.

लेबल रुंद होतं, बरणीला वळसा घालून आलेलं. सुटायला बराच वेळ लागला. इस्त्री दोनदा म्हणाले की आपल्याला निघायला हवं, आणि दोनदा बसले. संचालक खिडकीपाशी उभे राहून काचेवर बोटं वाजवत होते. बाईंना ते वाजवणं असह्य झालं आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं.

लेबलाखालचा डिंक पट्टीच्या कितीतरी पट निघाला. गाळला, नळीत भरला, यंत्रात ठेवला. या वेळी बाईंनी थेंबाताईंनाच आधी बसवलं.

त्यांनी डोळा लावला. चकती फिरवली, थांबवली, पुन्हा फिरवली. मग त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

"डावीकडे," त्या हुंदका आवरत म्हणाल्या. "डावीकडेच आहे. मी चुकले नव्हते."

संचालकांनी पाहिलं. इस्त्रीने पाहिलं आणि रुमाल काढला.

"आता ऐका," चाळणीबाई म्हणाल्या. "बरणी आली तेव्हा डावीकडच्या डिंकाने भरलेली होती. उंदरांनी तोच खाल्ला. नंतर कुणीतरी आतला माल बदलून बाजारातली पूड भरली. पट्टीवर आधीच्या साहेबांची सही, ती नवी कुठून आणणार? म्हणून जुनीच सोडवून पुन्हा लावली, आणि आपल्या शिस्तीप्रमाणे बरणीतल्या डिंकाने लावली. थेंबाताईंनी हे केलं असतं तर त्यांनी लेबलही बदललं असतं, कारण ते त्याच डिंकाने लावलंय हे त्यांना माहीत होतं. शिवाय स्वतःचीच नोंद खोटी पाडून स्वतःच्या गळ्यात फास कोण अडकवेल? म्हणजे हा असा माणूस आहे ज्याला पट्टीची गोष्ट माहीत आहे आणि लेबलाची नाही. ज्याच्या हातात बरणी येते तेव्हा लेबल आधीच लागलेलं असतं. ज्याच्या फळीवरच्या बाकी सगळ्या बरण्यांना छापील, मागून चिकट असणारी लेबलं आहेत."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. काका परत येऊन तिथे उभे होते, पिशवी छातीशी धरून.

"आणि ज्याला तक्रारींमध्ये कुठेही नसलेली गोष्ट माहीत आहे," बाई हळूच म्हणाल्या. "चट्ट्यांबद्दल सगळ्यांनी वाचलंय. ओठ जड होतात, जीभ जाड होते, हे कुठल्या कागदावर नाही. कुणाचे ओठ, काका?"

६

"बायकोचे," काका म्हणाले.

त्यांना खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत. तिला गिळता येत नव्हतं. बाजारातला पहिलाच डबा आणला आणि तिचे ओठ सुजले, जीभ तोंडात मावेना. डॉक्टर म्हणाले बंद करा. पण पाणी तर हवं! काकांच्या मनात आलं, आपल्या कपाटात बरणी आहे, उंदरांना बाधली नव्हती. भीत भीत चमचाभर नेली. तिला काही झालं नाही. सुखाने पाणी प्याली, हसली. मग पुन्हा एक चमचा. मग रोज.

"मला वाटलं, डब्यातला माल जुना, खराब झालेला असेल. डिंक तोच. मग समितीचा हुकूम आला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. बरणी जवळजवळ रिकामी. घरी पडलेला तो डबा आणला आणि ओतला. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा. डावं-उजवं मला काय ठाऊक? सकाळी ताईंवर आलं तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडच उघडेना."

"काका, मी पिशवी भरत होते," थेंबाताई म्हणाल्या. "तुम्ही बघत होतात."

काकांनी हात जोडले. त्यांनी ते हात खाली केले नाहीत आणि थेंबाताईंनीही ते धरले नाहीत.

चाळणीबाई इस्त्रीकडे वळल्या. आता त्यांच्या आवाजातला कडकपणा भीतीचा नव्हता. "एकाच बाईने दोन्ही डिंक खाल्लेत. एकाने सूज आली, दुसऱ्याने नाही. तुमचा डिंक शेवटी डिंकच असतो ना? मग झाड कधी बदललंत?"

इस्त्री रुमालाची घडी घालत राहिले. "परवानगीनंतर," ते शेवटी म्हणाले. "त्या झाडांना डिंक कमी यायला लागला. हे लाल सालीचं, जवळच्याच नात्यातलं. लोक ते कशाकशात वापरतात. आम्हाला वाटलं नाही की..."

"उंदरांना विचारायला हवं?"

संचालकांनी मुकाट्याने फोन उचलला आणि बाजारातले डबे थांबवायला सांगितलं. आवाज बारीक झाला होता, पण सांगितलं.

बाईंनी धाकटीला फोन लावला. "डबा उचल आणि वेगळा ठेव. ओटा, चमचे, वाट्या धू. एक कणही पोटात जायला नको."

मागून काका पुढे आले. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक छोटी स्टीलची डबी टेबलावर ठेवली. "एवढाच उरलाय. खरा. डावीकडचा." ते बाईंकडे बघत होते. "मॅडम, यातला थोडा तुमच्या आप्पांना न्या. थोडा माझ्याकडे राहू द्या, आजच्या रात्रीपुरता. बाकीचा बंद करा."

बाईंनी झाकण उघडलं. तळाला फिक्कट पूड होती. त्यांना आप्पांचे कोरडे ओठ दिसले, डब्याकडे दाखवलेलं बोट दिसलं. एक चमचा कमी झाला तर कुणाला कळणार होतं? त्यांना तो हवा होता. इतका हवा होता की झाकण लावताना त्यांना दोन्ही हात लागले.

"लेबल आणि पट्टीवरचा डिंक पाण्यात विरघळलाय, काका, तो टिकायचा नाही. उंदरांनी काय खाल्लं याचा आता हाच एक पुरावा आहे. दोन झाडं वेगळी आहेत हे यानेच ठरेल, आणि तुमच्या बायकोसारखे आणखी किती लोक आहेत हेही त्यावरूनच शोधायचंय. यातला कणही मला नेता येणार नाही. तुम्हालाही नाही. आणि तुम्ही काय केलंत ते मी सगळं लिहिणार आहे. तिला बाधला नाही, तेही लिहिणार आहे."

काकांनी मान डोलावली. नोकरी जाणार हे त्यांना कळलं होतं.

थेंबाताईंनी नवी बरणी आणली, डबीतली चिमूट बशीत विरघळवली, उरलेली पूड बरणीत ओतली, लेबल लावलं. मग बशी उचलून त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती काकांच्या पुढे धरली.

"पट्टी तुम्ही लावता ना?" त्या म्हणाल्या. "लावा."

काकांनी पट्टी लावली. अंगठ्याने दाबत, कडा बसवत, नेहमीसारखी. बरणी कपाटात गेली आणि किल्ली त्यांनी आपणहून बाईंच्या हातात ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. "तायडे, प्यायले गं!" धाकटी जवळजवळ ओरडलीच. "आधी ठसका लागला, मग नाही लागला. अर्धी वाटी गेली."

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर काकांच्या समोर ठेवला. "कसं केलंस ते पहिल्यापासून सांग. इथे एकांना ऐकायचंय."

"मक्याचं पीठ गार पाण्यात कालवायचं, मग शिजवायचं, ढवळत राहायचं. पूर्ण गार होऊ द्यायचं. तोंडातला चमचा परत वाटीत बुडवायचा नाही, थुंकी लागली की खळ पातळ होते. दर घासाला नवा चमचा. माझ्याकडे चमच्यांचा ढीग झालाय. मानेखाली उशी द्यायची. आणि एक घोट खाली गेल्याशिवाय दुसरा नाही." फोनमध्ये भांड्यांचा आवाज झाला. "पण वेळ फार लागतो हो. संध्याकाळ जाते एका वाटीला."

काका फोनवर वाकून सगळं ऐकत होते, ओठ हलवत, पाठ करत.

"जाऊ दे," ते म्हणाले आणि रिकामी डबी पिशवीत टाकून घराकडे निघाले.